अजून एकच पायरी

द्वारके,

'प्रिय' लिहिलं न्हाई म्हणून रुसू नको. आपण दोघी जावा, जित्तेपणी तुला कधी प्रिय म्हणले न्हाई. आता म्हणले तर तूच तिथं घाबरशील, की बाईला ऊन लागलं का काय!

पत्र काहून लिहून राहिले ते आधी सांगते. तू होतीस तवा घरात काही घडलं की मी आपल्या दोघींच्या अंगणातल्या मधल्या भिंतीपाशी यायचे आन् हाक मारायचे, "ए द्वारके, मेलीस का?" तू पलीकडून म्हणायचीस, "न्हाई बाई, भाकरी टाकून राहिले." मग जे असंल ते भिंतीवरून बोलून दोघी मोकळ्या. ह्या पंधरवड्यात घरात इतकं घडलं की ते पोटात ठेवून मला अन्न गोड लागंना. काल भिंतीपाशी गेले आन् सवयीनं तोंडातून निघून गेलं, "ए द्वारके, मेलीस का?"

पलीकडं तुझ्या कोंबड्या तेवढ्या फडफडल्या.

मग काय करते! घरात आले, तुझ्या नातीच्या, शिवानीच्या, जुन्या वहीतले कोरे कागद फाडले आन् बसले. चार ओळी झाल्या की बोटं आखडतात. मग पाणी पिते आन् परत लिहिते.

लिहायला बसल्यावर आठवलं, तुला तर वाचताच येत न्हाई! प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला दोघी बराबरच जाऊन बसलो. मी जोडाक्षरापर्यंत गेले, तू सहीपर्यंत. "सही आली बाई, आता अंगठा लावायचं काम न्हाई," म्हणून तू पाटी उतरंडीवर ठेवून दिलीस ती दिलीस. आता घे! आपला म्हातारा पोस्टमन मागच्या पोळ्याला तिकडंच आलाय, त्याच्याकडून वाचून घे. सासूबाईच्या हातात देऊ नको. वाचता त्यांलाबी येत न्हाई, पण त्या कागद डोळ्यापुढं धरून मनाचंच सांगतील आन् दोघीत भांडण लावतील.

तर ऐक. तुझ्या नातीच्या विमानाचं चाक अडकलं. आभाळात. पोरगी एकटी होती.

छाती धरू नको! धड हाय. हातपाय, नाक-डोळे सगळं जागच्या जागी हाय. मी सोता उलटीपालटी करून बघितली.

पण द्वारके, ह्या सगळ्याला जबाबदार तू हायेस, हे मी लिहून ठेवते. तू! जिला शिडी चढवत न्हवती ती!

आठवती का तुझी पहिली उन्हाळी? नवी नवरी होतीस. सासूबाईनं शेवयाची परात डोक्यावर देऊन तुला माळवदावर धाडलं. तीन पायऱ्या चढलीस आन् शिडीला पालीवाणी चिकटलीस. ना वर, ना खाली. डोळे गच्च मिटलेले. परात गेली खाली, शेवया गेल्या कुत्र्याला. सासूबाई अंगणातून वरडून राहिल्या, आन् तू तिथूनच बारीक आवाजात म्हणून राहिलीस, "मला माझ्या माईकडं न्या." माईकडं! तीन पायऱ्यांवरून! मीच तुला पाठुंगळी घेऊन उतरवली. तुझं काळीज माझ्या पाठीला लागून राहिलं होतं, इतकं उडत होतं.

त्या दिवसापास्नं ठरलं. वर मी, खाली तू.

माळवद पाडून पुढं स्लॅब टाकला. पायऱ्या पुढच्या साली काढू म्हणाले. ते पुढचं साल अजून आलं न्हाई. वसमतच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी शिडी करून आणली, तीच अजून टेकून हाय. कुरड्या, पापड, सांडगे, हळद, डाळी, जे काय वाळवायचं ते मी घेऊन चढायचे. चढायला काय लागतं? पायरी डोळ्यापुढं असती. तकलीफ उतरताना. तोंड भिंतीकडं, लुगड्याचा घोळ पायात, खालचं काही म्हणता काही दिसत न्हाई. तवा तू शिडीचे दोन्ही दांडे धरून खालून बोलायचीस. "बाई, डावा घ्या खाली. अजून थोडा. टेकला. आता उजवा. बराबर. अजून एकच पायरी."

अजून एकच! तिथं चार राहिलेल्या असायच्या! मी पाय टाकायचे, जमीन समजून, आन् तिथं परत पायरी. "खोटारडे!" मी वरून वरडायचे. तू खालून काय म्हणायचीस? "एकेकच तर उतरायची असती बाई. तेवढंच सांगते."

भित्री ती भित्री, वर पुन्हा शहाणी.

आन् पोरीच्या डोक्यात विमान भरलं तेबी तूच. वसमतला कुणी मोठा पुढारी यायचा होता हेलिकॉप्टरनं. सभेला कोण जातंय, सगळ्या बाया हेलिकॉप्टर बघायला गेलो होतो. शिवानी तुझ्या कडेवर. चार-पाच वर्षाची असंल. ते खाली आलं आन् जो फुफाटा उठला! माझ्या डोळ्यात माती, तुझा पदर उडून मागच्या बाईच्या तोंडावर. सगळी लेकरं रडून राहिली आन् ही तुझ्या कडेवर टाळ्या पिटून राहिली. परत येताना बसमध्ये म्हणती, "आजी, ते कोण चालवतं?" मी म्हणले, "डायव्हर." तू म्हणलीस, "शिकलेलं माणूस चालवतं." बस. तिथंच घात झाला.

मोठी झाली, बारावीला चांगले मार्क पडले, आन् म्हणाली विमान शिकायला जाते. मी भिंतीपाशी उभं राहून चांगलं खडसावलं. म्हणले, "बालाजी, तिच्या लग्नाचं सोनं मोडून तिला आभाळात फेकतोस का रे? पोरीची जात. पायाखाली भुई पाहिजे तिच्या." बालाजी तुझा लेक, पण ऐकायचा माझं. मान खाली घालून उभा होता. तवा तू भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन भिंतीपाशी आलीस. उभ्या जन्मात मला उलटून बोलली न्हवतीस. त्या दिवशी बोललीस.

"बाई, मला शिडी चढवली न्हाई. म्हणून तिनंबी खालीच ऱ्हायाचं का?"

मी चार दिस तुझ्याशी बोलले न्हाई. पाचव्या दिवशी पापड लाटायचे होते म्हणून बोलले.

पोरगी गेली. तू फोनवर तिला काय विचारायचीस? "जेवलीस का?" आन् दुसरं, "आज किती उंच गेलतीस?" ती सांगायची आन् तू इकडं खाटेची कड गच्च धरून ऐकायचीस. मला हसू यायचं. तिनं एकटीनं पहिल्यांदा विमान उडवलं, ते मात्र ऐकायला तू थांबली न्हाईस. काहून गं? एवढी काय घाई होती?

बरं, ते राहू दे. चाकाचं सांगते.

दुपारचा बालाजीला फोन आला. मी अंगणात शेंगा फोडून राहिले होते. बघते तर हा पांढराफटक. "मोठ्याई, शिवानीच्या विमानाचं चाक निघालं न्हाई." मी म्हणले, "मग चांगलंच झालं की! चाक निघाल्यावर तकलीफ." तर तो मटकन खालीच बसला. मग समजावून सांगितलं त्यानं. ह्या विमानाची चाकं वर गेल्यावर पोटात ओढून घेतात म्हणे, कोंबडी पाय ओढती तशी. उतरायच्या आधी बाहेर काढायची. पुढचं चाक बाहेर आलंच न्हाई. पोरगी खाली उतरली होती, जित्ती होती, तोच सांगायला तिच्या शाळेतून फोन होता. पण त्यानं मधलं आधी सांगितलं आन् शेवटचं शेवटी. तुझ्या लेकाला गोष्ट सांगायची अक्कल अजून आली न्हाई.

मग ती घरी आली. सुट्टी दिली म्हणाली. बॅग खोलीत टाकली, ती उघडलीच न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायची. जेव म्हणलं की जेवायची, उठ म्हणलं की उठायची. रडली न्हाई. मला रडणाऱ्या माणसाचं भ्या वाटत न्हाई, ह्याचं वाटतं. सारं गाव येऊन बघून गेलं. कुणाच्या मोबाईलवर त्या विमानाचा व्हिडिओ आलता, नाक घासत गेलेलं. शेजारच्या चंद्रकलानं तो तिच्याच उशाशी बसून तिलाच दाखवला! "बघ गं, कसलं झालतं!" मी चंद्रकलाच्या हातात तिची चप्पल दिली आन् दार दाखवलं.

एक दिवस तेल लावायला तिचं डोकं मांडीवर घेतलं तवा हळूहळू बोलली.

समोर तीन हिरवे दिवे असतात म्हणे, तीन चाकांचे. दोन लागले, पुढच्याचा लागला न्हाई. परत चाकं आत घेतली, परत काढली. न्हाई. हातानं काढायची एक सोय असती, तीबी केली. न्हाई. खाली तिचे सर रेडिओवर होते. ते म्हणाले, आमच्या डोक्यावरून जवळून जा, आम्ही खालून बघतो. काहून, तर वर बसलेल्याला आपलंच चाक दिसत न्हाई.

मी तेलाचा हात थांबवला. म्हणले, "काय म्हणलीस?"

"दिसत नाही ना मोठी आजी. पोटाखाली असतं. खालच्यानंच सांगावं लागतं."

द्वारके, तवा मला कोण आठवलं असंल?

खालच्यांनी सांगितलं, चाक अर्धंच आलंय, अडकलंय. मग तेल कमी करायला घिरट्या घालत राहिली. मग सर म्हणाले, त्या चाकाचा नाद सोड. ते न्हाईच असं धरून चल. मागची दोन टेकव, आन् नाक जितका येळ वर धरवंल तितका येळ धर. शेवटी आपसूक खाली येईल, तवा येऊ दे.

मी म्हणले, "म्हणजे आपली म्हैस बसती तसं? पुढचे गुडघे टेकून?"

तवा एवढुशी हसली. पहिल्यांदाच.

तसंच केलं तिनं. नाक टेकलं तवा पंखा मोडला, ठिणग्या उडाल्या, सिमेंटवर नांगर ओढल्यावाणी आवाज झाला. थांबलं, ही दार उघडून पळाली. संपलं.

मी तुझ्या वाटचं विचारून बघितलं. म्हणले, "वर असताना तुझ्या आजीची आठवण आली असंल न्हाई?" म्हणले, आली असं म्हणाली तर तुला तेवढंच कळवता येईल. तर म्हणती, "नाही मोठी आजी. कुणाचीच नाही आली. सर सांगत होते तेवढंच करत होते." तुझी नात खोटं बोलत न्हाई. तुझ्यावर गेली न्हाई.

मग कपाळावर आलेलं तेल पुसलं आन् म्हणाली, "तेच तर आहे. सर खालून बोलत होते म्हणून उतरले. रेडिओ बंद पडला असता तर? मी स्वतः काहीच केलं नाही. असल्या माणसानं विमान चालवू नये."

मला तर पंखा मोडला एवढंच समजलं होतं. आतलं हे कुठून समजावं!

बालाजीचं तर ठरूनच गेलतं. वसमतचं स्थळ आलतं, पोरगा शाळेत मास्तर. येत्या रविवारी बघायला येतो म्हणाले. तुझी सून रेखा चहाचे कप गोळा करून राहिली. बालाजी मला म्हणाला, "मोठ्याई, तू तर आधीपास्नंच म्हणत होतीस. आता तूच तिला सांग, बस झालं म्हणून. तू म्हणलीस की ती ऐकंल." सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. माझा शब्द खरा झालता ना! पायाखाली भुई पाहिजे, मीच म्हणले होते. आन् द्वारके, सांगते तुला, शब्द खरा होऊन मला एवढं बेचव कधी लागलं न्हवतं. मी म्हणले, "रविवारपर्यंत थांब."

आता पुढचं ऐक. हे तुला फार आवडंल, माझी फजिती हाय म्हणून.

रेखानं सकाळी स्लॅबावर कुरड्या घातल्या आन् ती बाजारला वसमतला गेली. बालाजी रानात. दुपारी वांदरांची टोळी आली. ह्या साली लई माजलेत. शेजारच्या पत्र्यावर धाडधाड आवाज आला तशी मी समजले. "शिवानी, ए शिवानी, वांदरं!" आतून हूं न्हाई की चूं न्हाई. तू गेल्यापास्नं मी शिडीला पाय लावला न्हवता. पण कुरड्या जाऊन राहिल्या तर माणूस काय मुहूर्त बघतं? काठी घेतली, पदर खवला आन् चढले. वांदरं पळाली. एक हुप्प्या तेवढा कुरडई तोंडात धरून माझ्याकडं असा बघून राहिला, जशी मीच चोर! त्याला दोन शिव्या दिल्या, राहिलेल्या कुरड्या लुगड्याच्या फडक्यात बांधून कोपऱ्यात दगडाखाली ठेवल्या आन् निघाले खाली.

दोन पायऱ्या उतरले. आन् उजवा गुडघा अडकला.

वाकंनाच! लाकडावाणी ताठ. उजवा वाकल्याशिवाय डावा खाली पोचत न्हाई. वर जावं तर जोर न्हाई. ना वर, ना खाली. तुझी पाल झाले गं द्वारके! तुझी पाल!

"अगं आई गं" एवढं जोरात वरडले असंल, की गल्ली गोळा झाली. कुणाला मी दिसले न्हाई, मला कुणी दिसलं न्हाई, भिंतीचा रंग तेवढा नाकापुढं. मागून एकेकाची अक्कल ऐकू येऊन राहिली. "दोर आणा दोर!" "आजी, परत वर जा!" चंद्रकलाचा आवाज सगळ्यात वर, "उडी मारा मावशी, आमी झेलतो!" उडी म्हणे! हात घामानं घसरून राहिले होते. मला वाटलं, आता आलेच मी तुझ्याकडं.

तवा तिचा आवाज आला. मोठा न्हाई, बारीक न्हाई. सरळ.

"सगळे गप्प बसा. आता हिच्याशी फक्त मी बोलणार. एकच जण बोलणार."

आन् खरंच सगळे गप्प झाले. चंद्रकलासुद्धा!

"मोठी आजी, ऐकू येतंय?"

"गुडघा अडकलाय माझा, कान न्हाई!"

"हात कुठं आहेत?"

"शिडीला! आणखी कुठं असणार, कमरेवर?"

"चांगलं. खाली बघू नकोस. भिंतीकडंच बघ. कोणता पाय वाकत नाही?"

"उजवा. मेलेला."

"वाकवू नकोस त्याला. नाद सोड त्याचा. तू नेहमी डावा आधी टाकतेस ना? आज उजवा आधी टाकायचा. ताठच्या ताठ खाली सोड. डावा गुडघा वाकव फक्त. सोड. अजून. अजून थोडा. टेकला. आता डावा त्याच्याच शेजारी आण. बरोबर. हात एक पायरी खाली. पहिला एक. आता दुसरा. थांब. श्वास घे."

मी श्वास घेतला. म्हणले, "किती राहिल्या गं?"

"सात."

"सात! तुझी आजी एकच सांगायची!"

"मी मोजून सांगणार. सात आहेत. उजवा सोड."

सात म्हणल्यावर मी दांडे आणखी आवळले. पण पुढची उतरले तर म्हणाली, सहा. आन् खरंच सहाच होत्या. तिचं खोटं निघंना तसा माझा पाय पुढं पुढं धजायला लागला. मधी एकदा हात घसरला. खाली बाया किंचाळल्या, तिचा आवाज तिथंच. "धरलंस. काही झालं नाही. चार राहिल्या." शेवटच्याला तिनं कमरेला धरलं आन् मला ओट्यावर बसवलं.

द्वारके, तिचे हात बर्फावाणी गार होते. माझ्या पाठीला तिचं काळीज लागलं, तुझं लागलं होतं तसंच, धाडधाड. आन् आवाज? आवाज तसूभर हालला न्हवता.

मी जरा पाणी प्याले, मग तिला विचारलं, "काय गं, तुझे सर आले होते का?"

"कुठं?"

"इथं. शिडीखाली. कोण बोलत होतं आत्ता?"

तिनं मग शिडीकडं बघितलं, खालून वरपर्यंत. मग एकदम रडायला लागली. चांगलं हमसून, नाक वाहूस्तोवर. मी म्हणले, रड. आता माझी फिकीर गेली.

वर बघते तर दारात बालाजी. डोक्यावर कडब्याची पेंढी तशीच, खाली टाकायचं भान न्हाई. कुणीतरी रानात सांगायला पळालं होतं, तो पळत आलता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला म्हणला, "मोठ्याई... वसमतच्या पाव्हण्यांला काय सांगू?"

मी म्हणले, "मला काय विचारतो? मला आत्ताच शिडीवरून उतरवून घेतलंय तिनं. तिला विचार."

तिनं नाक पुसलं. म्हणाली, "पप्पा, सरांना फोन करते. सोमवारी परत उडायला येते म्हणून सांगते."

बालाजी तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "पुन्हा चाक अडकलं तर?" ती म्हणाली, "अडकेल. कधीतरी अडकणारच. पण रेडिओ बंद पडला तरी काय करायचं ते आता मला माहितीये." त्यानं पेंढी खाली टाकली, डोळ्याला रुमाल लावला, कडबा गेला डोळ्यात म्हणाला. मग त्यानंच फोन केला पाव्हण्याला. "पोरीची सुट्टी संपली," म्हणाला.

रविवारी तिला कुरुंद्याच्या फाट्यावर बसमध्ये बसवलं. रेखानं वाचलेल्या कुरड्या डब्यात बांधून दिल्या. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. तू विचारायचीस तेच मी विचारलं. "जेवलीस का?" आन् "किती उंच गेलतीस?" तिनं आकडा सांगितला. मला त्यातलं काही समजलं न्हाई. पण खाटेची कड मी कवा धरली ते मलाच कळलं न्हाई गं.

एक गोष्ट मनातून जात न्हाई. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू माझा हात धरलास आन् विचारलंस, "बाई, अजून किती हाय?" मला वाटलं, सलाईनचं विचारून राहिलीस. मी म्हणले, "मला काय ठाऊक, नर्सबाईला विचारते." आन् गेले नर्सला बोलवायला. सारी उमर तू मला खालून सांगत राहिलीस, आन् एकदा तू विचारलंस तवा मी नर्स शोधून राहिले! दोन शब्दाचं काम होतं. तुझेच दोन शब्द होते.

तुला भित्री म्हणायचे, ते मी मागं घेत न्हाई. भित्री तर तू होतीसच. पण शिडी धरून उभं ऱ्हायाचं काम भित्र्या माणसाचंच असावं. त्याला ठाऊक असतं, वरच्याच्या पायात काय होऊन राहिलं ते.

तुला तिथं उंच जागी बसवलं असंल तर खाली बघू नको. भिंतीकडं बघ. तुझी नात सांगती.

माझा गुडघा आता गेल्यात जमा. डाक्टरनं चढायचं न्हाई म्हणून सांगितलं. म्हणून आता वरचं सगळं रेखाकडंच. माझी फजिती ऐकल्यापास्नं तिलाबी भ्या बसलंय. आज सकाळी सांडगे घालायला गेली आन् उतरताना मधीच थांबली. म्हणती, "मोठ्या आत्या, खालची पायरी दिसंना." मी काठी टाकली, शिडीचे दोन्ही दांडे धरले. कसं धरायचं ते कुणी शिकवलं न्हाई, हातांलाच ठाऊक होतं. म्हणले, "डावा घे खाली. अजून थोडा. टेकला." तिनं विचारलं, किती राहिल्या. चांगल्या पाच होत्या.

तर द्वारके, जीव हाय तवर शिडीखालची तुझी जागा मी सोडणार न्हाई, हा माझा शब्द घे. शिवानी येईल तवा तिला मोजून सांगीन, तिला मोजूनच लागतं. बाकी सगळ्यांला तुझ्यासारखंच सांगीन. आज रेखाला सांगितलं तसं. अजून एकच.

तुझी थोरली,
सुभद्रा